चोवीस धुरपदा

चहाला उठली तेव्हा यादीत धुरपदा होती. परत येऊन बघते तर तिथं म्हस्कू. प्रगतीनं कप टेबलावर ठेवला नाही, हातातच धरून उभी राहिली. सर्व्हरच्या पडद्यावर लॅबमधले चोवीस कॉम्प्युटर एकाखाली एक दिसायला हवे होते आणि गेले तीन दिवस तिथं एकच ओळ दिसत होती. एकच का, यावर तीन दिवस डोकं फोडून झालं होतं. पण ती ओळ आपलं नाव बदलते हे तिनं आत्ता, या मिनिटाला पाहिलं, आणि पोटात काहीतरी लहानसं सरकलं. बाळ पहिल्यांदा हललं होतं तसं, भास झाला की काय असं वाटायला लावणारं. साडेअकरा वाजले होते. पाच वाजता पुण्याहून तपासणी होती.

धुरपदा आणि म्हस्कू ही कॉम्प्युटरांची नावं. मांडवगणच्या या कॉलेजात पंख्याच्या पात्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळ्यावर कुणाचं ना कुणाचं 'स्मरणार्थ' लिहिलेलं असतं, आणि चार वर्षांपूर्वी लॅब करायची ठरली तेव्हा बाळासो सरांनी, म्हणजे प्राचार्यांनी, तोच रस्ता धरला. चोवीस घरांनी आपापल्या गेलेल्या माणसासाठी एकेक कॉम्प्युटर दिला. प्रत्येकाच्या कपाळावर पिवळ्या ऑइलपेंटनं 'कै.' आणि नाव आलं. हाक मारायला सोयीचं जावं म्हणून लॅब सांभाळणाऱ्या प्रगतीनं नेटवर्कमध्येही तीच नावं दिली, आणि तेव्हापासून लॅबमधलं बोलणं असं चालायचं की नवख्या माणसानं दारातच चप्पल काढावी. बाबुराव सकाळपासून उठले न्हाईत. सोनाबाईला पासवर्ड आठवंना. म्हस्कूआप्पांना जरा बंद करून परत चालू करा. पोरींना त्यात काही वाटत नसे. धुरपदा ही प्रगतीच्या आजेसासूची मशीन, दारापासून पहिली. लग्न होऊन आल्यावर तिनं त्या म्हातारीला फोटोत आणि या पिवळ्या अक्षरांतच पाहिलं होतं.

उद्या सकाळी नऊ वाजता नर्सिंगच्या प्रवेशाची ऑनलाइन परीक्षा होती. बावीस पोरी. परीक्षा घेणाऱ्या कंपनीची अट अशी, की प्रत्येक मशीनवर ऑपरेटिंग सिस्टीमचं नवं अपडेट असलं पाहिजे, आणि मशीनचं इंटरनेट बंद. पूर्वी एकेक मशीन आपापलं अपडेट बाहेरून ओढून घ्यायची. गावाच्या लाइनीवर त्याला आठवडा लागायचा. म्हणून प्रगती बाळंतपणाच्या रजेवर असताना कंपनीच्या माणसांनी येऊन हा सर्व्हर बसवला. अपडेट एकदाच त्यानं घ्यायचं आणि मग लॅबमधल्या लॅबमध्ये, तारेवरून सगळ्यांना वाटायचं. वाटप काही होत नव्हतं. पाच वाजता पुण्याला, कंपनीच्या पडद्यावर, निदान बावीस मशीन तयार दिसल्या नाहीत तर केंद्र दौंडला जाणार होतं. दौंड तसं काही लांब नाही, असं पुण्याचा फोनवरचा माणूस म्हणाला होता. त्याच्या लेखी नव्हतंच. प्रगतीनं मात्र यादीवरून बोट फिरवत मनातल्या मनात दौंडला न जाणाऱ्या पोरी मोजल्या होत्या आणि सहावर थांबली होती. त्यात ऋतिका होती. तिच्या वडिलांनी, सर्जेरावांनी, फॉर्म भरतानाच सांगितलं होतं, "इथं हाय म्हणून सही करतोय बरं का, म्याडम. गावाबाहेरचं काय निघालं तर आमचं न्हाई जमणार." रागानं नाही, अगदी सरळ, खताची गोणी नको म्हणावं तसं.

"सगळ्या मशीन फॉरमॅट मारा" हा पुण्याचा सल्ला. त्याला दोन दिवस लागले असते. सकाळी बाळासो सर दारात येऊन, आत न येता, म्हणाले होते, "प्रगती मॅडम, दुसरा कोणी माणूस बघू का? तुम्हाला घरी लहान बाळ. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मनाला लावून घेऊ नका हे वाक्य नेमकं मनालाच लागतं. कारण तीच शंका गेले सात महिने तिच्या आत बसून होती. राजनंदिनी झाली आणि दुधाबरोबर आपल्या डोक्यातलंही काहीतरी वाहून चाललंय असं तिला वाटायचं. गिरणीत दळणाचा डबा ठेवून ती तिथंच विसरून आली होती, आणि घरी येऊन परात मांडून, पीठ कुठंय म्हणून स्वतःच शोधत बसली होती. शिरूरला कोर्स करताना सर ज्या पोरीला 'हिला फक्त अडचण सांगा' म्हणायचे ती पोरगी कुठं गेली होती कोण जाणे. रात्रीतून चारदा उठणारी, एका कुशीवर झोपणारी, बोलताना अर्ध्यातच शब्द हरवणारी ही बाई तिच्या जागी येऊन बसली होती आणि तिचाच पगार घेत होती. नवरा, विश्वजीत, रांजणगावच्या कंपनीतून आला की म्हणायचा, होईल हळूहळू. हळूहळू म्हणजे कवा, हे तिनं कधी विचारलं नाही. उत्तर 'कधीच नाही' निघालं तर, अशी भीती होती.

आणि आता ही ओळ. चहा गार झाला. ओळ एकच राहते आणि नाव बदलतं, म्हणजे काय? बघता बघता पुन्हा बदललं: म्हस्कू गेला, सोनाबाई आली. प्रगतीला तीन दिवसांत पहिल्यांदा अडचण गोड वाटली. तिनं कप खिडकीत ठेवला आणि एका टोकाकडून मशीन बंद करायला सुरुवात केली. सगळं बंद करायचं, मग एकच चालू करायची, मग दुसरी. शिरूरच्या कोर्सात हेच शिकवलं होतं: गर्दीत चोर सापडत नाही, गर्दी पांगवा.

ती शेवटच्या मशीनवर आली तेव्हा कुशाबाई, तिच्या सासूबाई, राजनंदिनीला कडेवर घेऊन दारात आल्या. रोज बाराला त्या बाळाला पाजायला आणायच्या. लॅबमध्ये पाऊल टाकताना त्या डोक्यावरचा पदर पुढं ओढायच्या, कारण पहिल्याच मशीनवर त्यांच्या सासूचं नाव होतं.

"बंद केलीस व्हय गं तिला?"

"सगळ्यांना बंद केलंय, आई."

"जित्तेपणी कुनाची टाप न्हवती तिला गप बसवायची." कुशाबाईंनी पुढच्या खुर्चीवर बूड टेकलं. "घे हिला. सकाळपासनं दाराकडं बघतीया."

बाळ छातीशी आलं तसा तो ओढा आतून सुटला, आणि प्रगतीनं मोकळ्या हातानं धुरपदा चालू केली. चोवीसातली एकच. खोलीत इतकी शांतता, की एका पंख्याची घरघर आणि बाळाचं गिळणं, दोन्ही वेगवेगळं ऐकू येत होतं. पाच मिनिटांनी सर्व्हरवर ओळ उगवली: धुरपदा. आणि तिच्यापुढं हिरवी पट्टी सरकायला लागली. तीन दिवस जे झालं नव्हतं ते निमूट होत होतं. चार टक्के, नऊ टक्के. प्रगती हलली नाही. हलली तर बाळ तोंड काढेल आणि पट्टीही थांबेल, असं काहीतरी तिला वाटत होतं. तारेत दोष नाही. सर्व्हर देतोय. धुरपदा घेतीय. मग चोवीसजणी मिळून बसल्या की काय होतं? पाऊण तासानं, बाळ मांडीवर झोपलेलं असताना, अपडेट पुरं झालं, धुरपदा बंद होऊन आपली आपण उठली. मग प्रगतीनं पाय लांब करून, खुर्चीसकट सरकत, शेजारच्या म्हस्कूचं बटण दाबलं.

धुरपदाची ओळ म्हस्कू झाली.

धुरपदा चालू होती, डोळ्यांसमोर होती, तिचा दिवा पेटलेला होता. पण सर्व्हरच्या लेखी ती उरलीच नव्हती. म्हस्कूपुढं लिहिलं होतं: अपडेट पूर्ण. त्याच्या तोंडात अजून घाससुद्धा गेला नव्हता आणि सर्व्हर म्हणत होता, तुला वाढलंय की.

वाढलंय की. प्रगतीला एकदम मांडव दिसला, मामेभावाच्या लग्नातला, कोरेगाव भीमाचा. वरातीतल्या सगळ्या पाहुण्यांना एकसारखे केशरी फेटे बांधलेले, आणि जिलबीची परात घेतलेला वाढपी त्रासून म्हणत होता, पाव्हणं, तुमीच किती येळा बसताय. पंगतीतले लोक वेगळे होते, त्याला ते फेट्यामुळं एकच वाटत होते. सर्व्हर नावाकडं बघतच नव्हता. नाव आपण देतो, वरून, पिवळ्या ऑइलपेंटनं. मशीन पहिल्यांदा घडते तेव्हा तिच्या आत एक लांबलचक नंबर तयार होतो, जगात दुसऱ्या कुणाला नसलेला, आणि सर्व्हर ओळखतो तो त्या नंबरानं. या चोवीसजणांचा नंबर एकच होता. एकच माणूस चोवीस वेळा ताट घेऊन येतोय असं त्याला वाटत होतं.

आणि नंबर एक का होता, तेही तिला कळलं. कळलं म्हणजे आठवलं. अंगावरून ऊन सरकावं तसं, आधी मान गरम झाली. ही लॅब तिनंच उभी केली होती. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. बाळासो सरांनी उद्घाटन रविवारचं जाहीर करून टाकलेलं, चोवीस घरची माणसं येणार, आमदारांच्या माणसाला निरोप गेलेला, आणि शुक्रवारी संध्याकाळी मशीन खोक्यांतच. तिनं मग घरची म्हणून धुरपदा आधी घेतली, तिच्यावर सगळं नीट, हौसेनं बसवलं, आणि तिचीच डिस्क उतरवून उरलेल्या तेवीसांवर छापली. छापण्याआधी एक पायरी असते: मूळ मशीनला तिची ओळख विसरायला लावायची, म्हणजे प्रत्येक नकल नव्यानं स्वतःचा नंबर घेते. ती पायरी तिला माहीत होती. परीक्षेत त्याचे पूर्ण गुण मिळाले होते. घाईत ती गाळली, वर नुसती नावं बदलली, आणि कुणाला काही कळलं नाही, कारण इतकी वर्षं प्रत्येक मशीन आपापलं बाहेरून आणून खात होती. एका वाढप्यापुढं सगळ्यांना बसवायची वेळ आता आली. त्या रविवारी माईकवरून सांगितलं होतं, की दोन दिवसांत चोवीस मशीन, आमच्या गावच्या सुनेनं. टाळ्या झाल्या होत्या. त्या टाळ्या नेमक्या या चुकीला होत्या. आणि तीन दिवस ती जिच्या बुद्धीला शोधत होती, ती शिरूरची हुशार, एका कुशीवर न झोपणारी पोरगी, तिनंच हे करून ठेवलं होतं. प्रगतीला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं उलटंच. छातीवरचं जुनं ओझं कुणीतरी हातानं उचलून बाजूला ठेवावं तसं हलकं वाटलं. ती पोरगी चुकायची. आणि तिची चूक शोधली कुणी, तर या बाईनं, मांडीवर बाळ झोपलेलं असताना, एका हातानं.

"काय झालं गं? हसतीस का?"

"आई, या चोवीसच्या चोवीस आतून धुरपदाआजीच हायेत."

कुशाबाईंनी रांगेवरून नजर फिरवली, पार शेवटच्या भिंतीपर्यंत. "एक व्हती तवा आख्ख्या वस्तीला पुरून उरायची," त्या हळूच म्हणाल्या. "आन् तू चोवीस करून ठेवल्यास."

पावणेदोन. प्रगतीनं चार ओळींची फाईल लिहिली: अपडेटचं काम थांबव, जुना नंबर पूस, काम चालू कर, सर्व्हरला नव्यानं हाक मार. बोटं आपली आपण चालत होती, एकही शब्द अर्ध्यात हरवला नाही. धुरपदाला हात लावायचा नाही, नंबर तिचाच होता, तिच्याकडंच राहू दे. फाईल पेनड्राईव्हवर घेऊन ती म्हस्कूपाशी गेली. दोन मिनिटं, तीन मिनिटं. सर्व्हरवर धुरपदा परत आली आणि तिच्याखाली, पहिल्यांदाच तिच्याखाली, दुसरी ओळ उमटली. म्हस्कू. त्याच्यापुढं अपडेट पूर्ण नव्हतं, शून्य टक्के होतं, आणि ते शून्य बघून प्रगतीला इतका आनंद झाला की तिनं टेबल घट्ट धरलं.

"म्हंजी काय केलंस?" बाळ आता कुशाबाईंच्या खांद्यावर होतं.

"ह्याला ह्याची ओळख दिली. नाव होतं, पण ते नुसतं पाटीवर. आत कुणी सांगितलंच नव्हतं त्याला."

"बारसं ऱ्हायलं व्हतं म्हन की," कुशाबाई म्हणाल्या, आणि उठून तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. प्रगती तिसऱ्या मशीनवर वाकली तसा तिच्या पाठीत एक धपका बसला. राजनंदिनीच्या बारशाला नणंद मोनाली पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करत होती तेव्हा बायकांनी तिची पाठ अशीच बडवली होती, सरळ उभं राहताच येऊ नये इतकी. "कर की कुर्र," कुशाबाई म्हणाल्या. "कानात सांगितल्याबिगर नाव लागत न्हाई."

प्रगतीनं इकडंतिकडं पाहिलं. मग वाकून, सोनाबाईच्या पंख्याच्या जाळीशी तोंड नेऊन, तिनं कुर्र केलं. जाळीतून गरम वारा तिच्या गालाला लागला. धपका बसला. चौथी मशीन, धपका. पाचवी. बाळ जागं होऊन आजीच्या खांद्यावरून हे बघत राहिलं. सातव्या मशीनला बाळासो सर दारात येऊन उभे राहिले, तेव्हा सासू सुनेला बडवत होती आणि सून वाकलेली होती.

"काय चाललंय?" त्यांनी दबकत विचारलं.

"बारसं," कुशाबाई म्हणाल्या, हात न थांबवता. "तुमी ऱ्हावा भाईर, बायकांचं काम हाय."

प्रगती पाठ सरळ करून उठली. सांगायचं की नाही याचा विचार तिनं केला नाही, तोंडातून आलंच. "सर, चूक सापडली. माझीच होती. चार वर्षांपूर्वी सेटअप करताना एक पायरी मी गाळली होती."

"रविवार मी ठरवला होता," बाळासो सर म्हणाले. "तुम्ही बुधवार मागितला होता. मला आठवतंय." एवढं बोलून ते गेले. पाच मिनिटांनी शिपाई नागसेनमामा दोन चहा आणि पाण्याचा जग ठेवून गेले आणि जाताना लॅबचं दार बाहेरून लोटून घेतलं, कुणी आत जाऊ नये म्हणून.

सव्वातीनला यादीत चोवीस ओळी होत्या. प्रगती सर्व्हरसमोर उभी राहून नुसत्या बघत होती. एकाखाली एक, गावजेवणाची पंगत बसावी तशा, आणि प्रत्येकीच्या पुढं आपापली पट्टी. आता तिच्या हातात काही नव्हतं. सगळ्यांना एकदम वाढायचं म्हणून सर्व्हर हळू झाला होता. बारा टक्के, बारा टक्के, बारा टक्के. पाठ दुखत होती, कंबर दुखत होती, ब्लाउज पुन्हा ओला झाला होता, आणि हे सगळं दुखणं, ओलेपण, तिचं स्वतःचं होतं, दुसऱ्या कुण्या बाईचं नव्हतं. एक पोरगी गेली आणि एक बाई आली असं काही घडलंच नव्हतं. तेव्हाही हीच होती, घाई करणारी. आत्ताही हीच, चहा गार करणारी. मध्ये एक जीव जन्माला आला, त्यानं थोडी झोप नेली, बाकी सगळं जागच्या जागी होतं. तिनं भूक लागल्याचं कुशाबाईंना सांगितलं. कुशाबाईंनी पिशवीतून फडकं सोडलं; त्यात दोन भाकरी आणि झुणका होता, आणि प्रगतीनं उभ्याउभ्या, पट्ट्यांवरची नजर न काढता, दोन्ही संपवल्या.

साडेचारला पहिल्या चार मशीन पुऱ्या झाल्या. मग जशी एखाद्या वाटेवरून मेंढरं उतरायला लागतात तसं एकापाठोपाठ एक. आठ. तेरा. एकोणीस. पाचला आठ मिनिटं कमी असताना एकवीस झाल्या आणि तिथंच अडल्या. पाचला पाच कमी. एकवीस. प्रगतीनं कुशाबाईंचा हात धरला. आपण धरलाय हे तिच्या लक्षात नव्हतं. सोनाबाईची पट्टी अठ्ठ्याण्णववर, बाबुराव सत्त्याण्णववर, आणि शेवटच्या भिंतीची तुळजाबाई अजून ऐंशीत. फोन वाजला तेव्हा पाचला एक कमी होता.

"मॅडम, बघतोय हं आता तुमचं," पुण्याचा माणूस म्हणाला. त्याच्या बाजूला कुणीतरी कीबोर्डवर टकटक करत होतं. पडद्यावर सोनाबाई हिरवी झाली. "बावीस दिसतायत. नाही, थांबा, तेवीस. सकाळी तर एकच होती ना? फॉरमॅट मारलं वाटतं."

"नाही," प्रगती म्हणाली. "फॉरमॅटची गरज नव्हती. तुमच्या दुसऱ्या केंद्रांवर एकच ओळ दिसत असेल तर सांगा. मी काय करायचं ते लिहून पाठवते."

"पाठवा ना मॅडम," तो म्हणाला, आणि आवाज बदलला होता. "एक दोन ठिकाणी आहे तसं. केंद्र कन्फर्म करतोय तुमचं."

ती बाळाला कडेवर घेऊन बाहेर आली तेव्हा पायरीवर ऋतिका बसलेली होती. तीनपासून बसली होती म्हणे, काही न विचारता, पुस्तक मांडीवर उपडं ठेवून. तिनं मान वर केली आणि तोंडाकडं पाहत राहिली. विचारलं तर उत्तर बिघडेल अशा चेहऱ्यानं.

"उद्या आठला ये," प्रगती म्हणाली. "ओळखपत्र आठवणीनं आण."

"कुठं यायचं?"

"कुठं म्हणजे? इथंच."

ऋतिका उठली. तिनं पुस्तक छातीशी धरलं, मग खाली ठेवलं, मग फोन काढला. "आप्पा," ती म्हणाली, "इथंच हाय. व्हय. न्हाई, कुठंच जायचं न्हाई." पलीकडून सर्जेराव काहीतरी बराच वेळ बोलत होते आणि ती नुसती व्हय, व्हय म्हणत होती, आणि तिचा पाय पायरीवर आपोआप ठेका धरत होता. फोन ठेवून तिनं विचारलं, "म्याडम, आतनं एकदा बघून येऊ का? कुठली मशीन कुठं हाय ते?"

"जा की."

ऊन पार कलंडलं होतं. मैदानापलीकडून साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता. कुशाबाई चपलेत पाय सरकवत, उद्या बाळाला किती वाजता आणू म्हणून विचारत होत्या. प्रगती पायरीवर बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती काहीच आठवायचा प्रयत्न न करता बसली होती. आतून, पार शेवटच्या भिंतीकडून, मशीन चालू होतानाचा बारीक आवाज आला आणि मागोमाग ऋतिकाची हाक.

"म्याडम, तुळजाबाई उठल्या."

प्रगती हसायला लागली आणि तिला थांबता येईना. राजनंदिनी तिच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग, कशाचं ते काही न कळता, तीही हसायला लागली.